हे न्यायमूर्ती कोणत्या पक्षाचे?

प्रश्न : मी वेरूळला लेणी दाखवण्याचं काम करतो. मागच्या हंगामात एका अमेरिकन जोडप्याला चिकलठाणा विमानतळावरून घेऊन येत होतो. जालना रोडवर उच्च न्यायालयाची इमारत लागली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘इथले जज कोणत्या पक्षाने नेमलेले आहेत?’’ मी म्हणालो, आमच्याकडे पक्ष नेमत नाहीत. दोघंही हसले. मग मला आठवलं, भाजपच्या माजी प्रवक्त्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी सांगितलं ते बरोबर की चूक? आणि आमच्या तालुक्याच्या कोर्टातले न्यायाधीशही असेच नेमले जातात का? पुतणी लॉ करते आहे, म्हणून तेही विचारून ठेवतो.
— एक वाचक, वेरूळ (ता. खुलताबाद)

उत्तर : पुस्तकातलं उत्तर तुम्ही बरोबर दिलंत, पण पाहुण्यांचं हसूही अगदीच अस्थानी नव्हतं. आपल्याकडे पक्ष न्यायमूर्ती नेमत नाही हे खरं. पण नेमणुकीची फाईल ज्या टेबलांवरून जाते, त्यांतल्या बऱ्याच टेबलांमागे पक्षाची माणसं बसलेली असतात.

आधी त्यांनी तसं का विचारलं ते सांगतो. अमेरिकेत केंद्रीय न्यायालयांतल्या न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मतदान करून मंजुरी देते आणि मग तो माणूस तहहयात त्या खुर्चीवर बसतो. त्यामुळे तिकडच्या बातम्यांत न्यायाधीशाच्या नावाला ‘ओबामांनी नेमलेले’, ‘ट्रम्प यांनी नेमलेले’ अशी शेपटी असतेच. पूर्वी हे इतकं कडवट नव्हतं. अँटोनिन स्कालिया हे कट्टर उजव्या विचारांचे, तरी १९८६ मध्ये सिनेटने त्यांना ९८ विरुद्ध ० मतांनी मंजुरी दिली. रूथ बेडर गिन्सबर्ग उदारमतवादी, त्यांना १९९३ मध्ये ९६ मतं मिळाली, विरोधात फक्त ३. स्कालिया फेब्रुवारी २०१६ मध्ये वारले. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं, तर रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने निवडणुकीचं वर्ष आहे असं म्हणत त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये गिन्सबर्ग गेल्या तेव्हा निवडणूक जेमतेम दीड महिन्यावर होती. तेव्हा मात्र त्याच पक्षाच्या सिनेटने एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर करून घेतलं. डेमोक्रॅटिक पक्षाचं एकही मत त्यांना पडलं नाही. एवढं पाहिलेल्या माणसाच्या तोंडी न्यायालयाची इमारत दिसताच पहिला प्रश्न पक्षाचाच येणार.

ही वाट आपल्या घटनाकारांना ठाऊक नव्हती असं नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी दोन्ही परदेशी पद्धती समोर ठेवल्या. इंग्लंडात नेमणूक सर्वस्वी सरकारच्या हाती, अमेरिकेत सिनेटच्या संमतीने. पहिली त्यांना धोक्याची वाटली. दुसरी किचकट आणि राजकीय दडपणाला वाव देणारी. म्हणून मधली वाट निघाली : नेमणूक राष्ट्रपतींनी करायची, पण सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन. सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करा, अशी सूचना काही सदस्यांनी केली होती. बाबासाहेबांनी तीही नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच आहेत, माणसात असतात ते दोष त्यांच्यातही असणार, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारच्या हाती सगळं नको आणि सरन्यायाधीशांच्या हातीही नको, हे ठरलं. मग नेमकं कुणाच्या हाती, यावर पंचाहत्तर वर्षं भांडण चालू आहे.

आता तुमच्या जालना रोडवरच्या इमारतीत न्यायमूर्ती येतात कसे ते पाहू. तिथल्या न्यायमूर्तींची नेमणूक मुंबई उच्च न्यायालयावर होते. कोण मुंबईत, कोण नागपुरात, कोण गोव्यात आणि कोण तुमच्याकडे बसणार, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. (खंडपीठाचा जन्मही असाच एका मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशातून झाला. राज्यपालांची मान्यता घेऊन २७ ऑगस्ट १९८१ पासून बैठका सुरू झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे आदेश टिकला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं. कोल्हापूरकरांना अशा आदेशाचं भाग्य ऑगस्ट २०२५ मध्ये लाभलं.) नावं सुचवतात ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती. ती यादी मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जाते, तिथून केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे. गुप्तवार्ता विभाग माणसाची माहिती काढतो. मग सर्वोच्च न्यायालयातले सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती शिफारस करतात. हेच ते ‘कॉलेजियम’. शेवटी कायदामंत्री, पंतप्रधान, राष्ट्रपती. सरकारला आक्षेप असेल तर नाव एकदा परत पाठवता येतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करणं बंधनकारक आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी टप्प्यांना आठवड्यांच्या मुदतीही घालून दिल्या.

एवढं असून राजकारण शिरतं कुठून? तर वेळेतून. या प्रवासात ‘नाही’ म्हणण्याची पाळी सहसा येतच नाही. फेरफाराचा अर्ज तलाठी क्वचितच फेटाळतो, तो नुसता ठेवून देतो आणि काय समजायचं ते आपण समजतो. दिल्लीत याहून वेगळं घडत नाही. एकाच शिफारशीतल्या चार नावांपैकी दोन लगेच जाहीर होतात, दोन मागे राहतात. बाहेरच्याला वाटतं, चार-सहा महिने इकडेतिकडे, त्यात काय एवढं? पण उच्च न्यायालयात ज्येष्ठता शपथेच्या तारखेवरून ठरते. पुढे मुख्य न्यायमूर्ती कोण, सर्वोच्च न्यायालयात कुणाचा विचार होणार, हे बहुतांशी त्याच ज्येष्ठतेवर अवलंबून. आणि वयाच्या ६२ व्या वर्षी उच्च न्यायालयातून निवृत्ती अटळ. आज अडवलेली फाईल पंधरा वर्षांनंतरचा मुख्य न्यायमूर्ती बदलू शकते. तीही एका ओळीचा नकार न लिहिता.

दुसरी फट ‘कायम’ होण्याची. अमेरिकेत सिनेटची मंजुरी सुरुवातीलाच लागते. आपल्याकडे तिचा भाऊबंद दोन वर्षांनी भेटतो. उच्च न्यायालयात बहुतेक न्यायमूर्ती घटनेच्या कलम २२४ खाली आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून येतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मग त्यांना कायम करतात आणि ते पुन्हा शपथ घेतात. मूळ हेतू तुंबलेल्या खटल्यांसाठी तात्पुरती माणसं मिळावीत एवढाच होता. प्रत्यक्षात तो उमेदवारीचा काळ होऊन बसला. ज्याचं पुढचं आयुष्य सरकारच्या एका सहीवर अडलेलं आहे, त्याने त्याच सरकारविरुद्धचा अर्ज ऐकायचा, अशी ही रचना.

तिचा अर्थ महाराष्ट्राने आणीबाणीत पाहिला. उमेश रंगनाथ लळीत सोलापूरचे नावाजलेले वकील. १९७४ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. १९७६ मध्ये मुदत संपली. त्यांना कायम करावं अशी न्यायालयाकडून शिफारस होती, पण इंदिरा गांधींच्या सरकारने ती मानली नाही. आणीबाणीत पकडलेल्या तरुणांना त्यांनी दिलेला दिलासा सरकारला झोंबला, असं वकीलवर्गात तेव्हापासून सांगितलं जातं. दिल्लीत न्या. आर. एन. अगरवाल यांच्या वाट्याला याहून उघड शिक्षा आली. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्धच्या निकालात त्यांचा हात होता. त्यांना उच्च न्यायालयातून खाली सत्र न्यायाधीश म्हणून परत धाडण्यात आलं. आणीबाणीनंतर तिच्यातल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे अशी प्रकरणं आली. लळीत पुढे दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यांचे चिरंजीव उदय लळीत २७ ऑगस्ट २०२२ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा नव्वदीचे वडील समारंभाला हजर होते. ही गोष्ट सांगताना ‘शेवटी न्याय झाला’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मुलगा सरन्यायाधीश झाला म्हणून बापाची गेलेली खुर्ची परत मिळत नाही. आणि त्या दोन वर्षांत इतर किती अतिरिक्त न्यायमूर्तींनी लळीतांकडे पाहून हात आखडता घेतला, याची नोंद कुठल्याच आयोगाकडे असणं शक्य नाही.

लळीतांच्या तीन वर्षं आधीच इशारा मिळाला होता. एप्रिल १९७३ मध्ये, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यात सरकारविरुद्ध गेलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केल्याचं जाहीर झालं. तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये एच. आर. खन्ना यांना डावललं. आणीबाणीतही माणसाच्या जिवाचा हक्क सरकारला काढून घेता येत नाही, असं स्थानबद्धांच्या खटल्यात म्हणणारे ते पाच न्यायमूर्तींतले एकटे. गंमत अशी की त्याच खटल्यात सरकारच्या बाजूने कौल देणाऱ्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. १९७८ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा सत्तेवर आणीबाणीतल्या कैद्यांचंच सरकार होतं. मुंबईच्या काही नामवंत वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला. जनता सरकारने तरीही ज्येष्ठता मोडली नाही. चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. तो विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. सूड घेण्याची संधी हाती असताना सरकारने ती सोडल्याचं एवढं ठळक उदाहरण आपल्याकडे दुसरं सापडणार नाही.

१९८१ मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर होत्या. कायदामंत्री शिवशंकर यांनी मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं : तुमच्याकडच्या अतिरिक्त न्यायमूर्तींना विचारा, परराज्यात कायम नेमणूक चालेल का. मुंबईत इक्बाल छागला आणि इतर वकिलांनी या पत्राला आव्हान दिलं. दिल्लीतल्या काही अतिरिक्त न्यायमूर्तींना तर तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ मिळत होती. हे सगळं सर्वोच्च न्यायालयात एकत्र आलं आणि डिसेंबर १९८१ च्या अखेरीस एस. पी. गुप्ता खटल्याचा निकाल लागला. त्याच्या दोन बाजू आहेत. या खटल्यात न्यायालयाने सरकारचा गुप्ततेचा दावा फेटाळला आणि सरन्यायाधीश, दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती आणि कायदामंत्री यांचा पत्रव्यवहार उघड्यावर आणला. नेमणुकीच्या वादात कोण कुणाबद्दल काय लिहितं, ते देशाने प्रथमच वाचलं. पण याच निकालाने अखेरचा शब्द मात्र सरकारचा ठरवला. बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवून निवड न्यायमूर्तींच्या हाती घेतली, १९९८ मध्ये कॉलेजियमचा आकार पक्का केला. त्याबरोबर दारही लोटून घेतलं. ज्या निकालाने फाईल उघडली त्याने चावी सरकारला दिली, ज्याने चावी काढून घेतली त्याने फाईल मिटली. माझी खरी तक्रार इथे आहे.

मधे २०१४ मध्ये संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सहा सदस्य : सरन्यायाधीश, दोन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. कुठल्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव बाद. म्हणजे तिघं न्यायमूर्ती एकमताने हो म्हणत असताना दोन मान्यवरांनी ते मोडावं. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने तो ४ विरुद्ध १ असा रद्द केला. रद्द झालं ते ठीकच झालं असं मला वाटतं. पण त्यानंतर स्वतःचं घर पारदर्शक करण्याचं जे आश्वासन होतं, ते अर्धंमुर्धंच पाळलं गेलं. २०१७ मध्ये कॉलेजियमचे ठराव कारणांसह संकेतस्थळावर येऊ लागले, पुढे कारणांचा भाग आखूड होत गेला.

मुंबई उच्च न्यायालयाशी संबंधित तीन अलीकडची प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. न्या. अकिल कुरेशी २०१८ मध्ये गुजरातेतून मुंबईला आले. २०१० मध्ये त्यांनी अमित शाह यांना सीबीआयच्या कोठडीत देण्याचा आदेश दिला होता. मे २०१९ मध्ये कॉलेजियमने त्यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करण्याची शिफारस केली. सरकार गप्प राहिलं. सप्टेंबरमध्ये शिफारस बदलली आणि त्यांना त्रिपुराच्या छोट्या उच्च न्यायालयात पाठवलं. ठरावात मंत्रालयाच्या पत्रांचा उल्लेख होता, त्यांतल्या मजकुराचा नाही. सोमशेखर सुंदरेशन हे मुंबईतले वकील. त्यांची शिफारस फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. समाजमाध्यमांवर मतं मांडतात म्हणून सरकारने नाव परत पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने सरकारचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही छापून नाव पुन्हा धाडलं. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. बंधनकारक शिफारशीला दहा महिने लागले, पण निदान भांडण कशावरून आहे हे तरी कळलं. तिसरं प्रकरण न्या. पुष्पा गनेडीवाला यांचं. पोक्सो कायद्याखालच्या जानेवारी २०२१ मधल्या निकालांनंतर त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली गेली, एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि २०२२ मध्ये त्या पायउतार झाल्या. त्यांतला सर्वांत गाजलेला निकाल चुकीचाच होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवलाही. पण निकाल फिरवायला अपील असतं. निकालासाठी न्यायमूर्तींची खुर्ची काढायची प्रथा एकदा पडली, की ती फक्त वाईट निकालांपुरती राहत नाही. लळीतांना काढणाऱ्यांनाही त्यांचे आदेश चुकीचेच वाटत असणार.

आता तुमच्या गदारोळाकडे. आरती साठे २०२३ मध्ये महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या, जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पक्ष सोडला, २८ जुलै २०२५ रोजी त्यांची शिफारस झाली आणि ऑगस्टमध्ये नेमणूक. रोहित पवारांसह विरोधकांनी आक्षेप घेतला. भाजपने दीड वर्षापूर्वीच्या राजीनाम्याकडे बोट दाखवलं. पक्षातून न्यायासनावर जाणं हे काही नवं नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते, त्यांच्याइतका मोठा न्यायमूर्ती विरळा. वर उल्लेख आलेले हेगडे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि काँग्रेस सरकारनेच त्यांना डावललं. उलट बहरुल इस्लाम काँग्रेसचे खासदार, मग न्यायमूर्ती, मग सर्वोच्च न्यायालयातून राजीनामा देऊन थेट पुन्हा काँग्रेसचे उमेदवार. तेव्हा पूर्वीचा पक्ष हा दोष मानू नये. पण प्रवक्त्याचं काम आदल्या वर्षापर्यंत केलेल्या व्यक्तीची निवड करताना आम्ही हे तपासलं, असं समजलो आणि म्हणून पुढे गेलो, एवढे चार परिच्छेद छापायला काय हरकत होती? दोन वर्षं आधी सुंदरेशन यांच्यासाठी ते जमलं होतं. आणि पक्षसंबंध लपवायचाच असतो असंही नाही. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींचं प्रकरण समोर आलं तेव्हा न्या. भूषण गवई यांनी वडिलांचे काँग्रेसशी जुने संबंध असल्याचं आणि भाऊ राजकारणात असल्याचं आपणहून सांगितलं आणि कुणाला आक्षेप आहे का विचारलं. कुणाचाच नव्हता.

अशा चर्चेत कुणीतरी रामशास्त्री प्रभुण्यांना आणतोच. आणू द्या. पण हेही सांगा की रामशास्त्र्यांना नेमलं होतं पेशव्यांनीच, आणि राघोबाला दोषी धरून ते गेले त्यानंतर पुन्हा न्यायासनावर आले ते राघोबाच्या विरोधकांच्या, बारभाईंच्या कारभारात. नेमणारा कोण, यावरून त्यांची पारख कुणी केली नाही. निकाल सगळ्यांसमोर होता.

तर पुढच्या पाहुण्यांना असं सांगा : तुमच्याकडे पक्षाचं भांडण सिनेटमध्ये दिवसाढवळ्या होतं, आमच्याकडे ते फाईलच्या पोटात होतं. मला तुमची पद्धत नको, पण तुमच्याकडे मतांची यादी तरी छापून येते. आमच्याकडे निवड न्यायमूर्तींकडेच राहावी, मात्र सरकारने अडवलेल्या प्रत्येक नावामागचं आणि कॉलेजियमने पुढे नेलेल्या प्रत्येक नावामागचं कारण तारखेसह प्रसिद्ध व्हावं. दोन वर्षांची उमेदवारीही बंद करावी.

तालुक्याच्या न्यायालयाची गोष्ट अगदी वेगळी. तिथल्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेतो : पूर्व, मुख्य, मग मुलाखत. त्यात ना कॉलेजियम, ना पंतप्रधान. पुढच्या बढत्या, बदल्या आणि शिस्त उच्च न्यायालयाच्या ताब्यात असतात. पुतणीला एवढंच सांगा की २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. तेव्हा पदवी हाती पडताच सनद घ्यावी आणि काळा कोट चढवून एखाद्या चांगल्या वकिलाकडे काम सुरू करावं. तीन वर्षं मोजली जातात ती सनदेच्या नोंदणीपासून.